बोर्डाच्या दिवशी गोळी घ्यायची नाही

आक्का माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिचा फक्त उजवा हात थरथरायचा. बाकी ती धडधाकट होती. माझ्यापेक्षा बरीच मोठी. मला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलं असं आई सांगायची. लग्नानंतर वर्षभरातच नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं आणि परत न्यायला कुणी आलं नाही. आई-वडील होते तोवर ती त्यांच्याजवळ राहिली. ते गेल्यावर तिने कळवणला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली, खिडकीपाशी शिलाईमशीन लावलं आणि ब्लाउज शिवायला लागली. आसपासच्या खेड्यांतल्या बाया बाजाराच्या दिवशी आधी तिच्याकडे कापड टाकायच्या आणि मग पाल मांडून भाजी विकायला बसायच्या. माप एकदा घेतलं की तिला परत घ्यावं लागत नसे. बाई दारात उभी राहिली की ती सांगायची, तू वाळलीस, किंवा तुला दिवस गेलेत.

कुणापुढे हात पसरायची तिला सवय नव्हती. माझ्या बाळंतपणाला ती आली ती स्वतःचा शिधा घेऊन आली होती, यावरून माझा नवरा अजून हसतो.

हात थरथरायला लागला तेव्हा तिने ते लपवलं. सुईत दोरा ओवून देण्यासाठी ती शेजारच्या पोरीला हाक मारायची आणि चष्म्याचा नंबर वाढला म्हणायची. मग एका नवरीच्या ब्लाउजचा गळा कापताना कात्री सरकली. ते कापड भरून दिल्यावर तिने कटिंग घेणं बंद केलं, नुसते फॉल-पिको करत राहिली. पुढे तेही होईना. गावात कुणी अशक्तपणा म्हणालं, कुणी बाहेरचं काहीतरी असेल म्हणालं आणि एका देवऋषीकडे घेऊन गेलं. मला फोनवर ती 'बरं चाललंय' एवढंच सांगायची. मी दिवाळीला गेले तेव्हा मशीनवर चादर टाकलेली होती, तिच्यावर धूळ होती, आणि आक्का भाकरी करताना एकाच हाताने करत होती. मी तिला तशीच उचलून नाशिकला आणली.

इथे मेंदूच्या डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, कोपर हलवून बघितला. कंपवात, ते म्हणाले. हा बरा होत नाही, गोळ्यांनी आटोक्यात राहतो, हळूहळू गोळ्या वाढवाव्या लागतात. आक्काने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मशीन कधीपासून चालवू?"

डॉक्टरांनी तिच्याऐवजी माझ्याकडे बघितलं. उत्तर तिला तेवढ्यात कळलं असावं, कारण तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

आम्ही पेठ रोडला एका कॉलनीत दोन खोल्यांत राहतो. मी बालवाडीत शिकवते, नवरा ओझरच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये कंत्राटावर कामाला आहे. आक्का आली आणि पुढच्या काही वर्षांत आजार वाढत गेला तसं आमच्या घराचं घड्याळ तिच्या गोळीवर चालायला लागलं. ज्याने हा आजार जवळून बघितलेला नाही त्याला हे सांगून पटत नाही, म्हणून जरा नीट सांगते. सकाळी उठल्यावर आक्का लाकडासारखी असायची. कूस बदलता यायची नाही, तोंडातून शब्द फुटायचा नाही, चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. गोळी दिली की पाऊण-एक तासाने ती पोटातून वर चढल्यासारखी चढायची. आधी डोळे हलायचे, मग हात, आणि मग आक्का उठून बसायची, वेणी घालायची, भाजी निवडायची, माझ्या मुलीला पाढे विचारायची. दोन-अडीच तास ती अगदी आपल्यासारखी असायची. मग गोळी उतरायची. चालता चालता उंबऱ्यात पाय जमिनीला चिकटायचे आणि ती तिथेच उभी राहायची, मागून कुणीतरी धरेपर्यंत. पुढच्या गोळीपर्यंत परत लाकूड. घरात आम्ही 'गोळी चढली', 'गोळी उतरली' असंच बोलायचो. पाहुणे बोलवायचे ते गोळी चढलेल्या वेळेला, हे तिचंच फर्मान होतं. त्यामुळे आमच्या नातेवाइकांपैकी निम्म्यांना अजून वाटतं की आक्काला तसं फार काही झालेलं नाही.

सरकारी अनुदानाचं मला मागच्या गल्लीतल्या एका बाईने सांगितलं. पायाने अधू असलेल्या तिच्या दिराला दर महिन्याला पैसे मिळायचे. मी ते जेवताना सहज बोलून गेले. रक्कम अशी होती की तिच्यात आक्काच्या अर्ध्या गोळ्याही आल्या नसत्या. आक्काला रकमेशी घेणंदेणं नव्हतं. तिने विचारलं, "ते पैसे माझ्या नावावर येतील का तुझ्या?" तिच्याच नावावर, मी म्हटलं. त्यानंतर ती दर दोन दिवसांनी मला आठवण करून द्यायला लागली. लाज वाटत असूनही ती आठवण करून देतेय, हे मला दिसत होतं.

अनुदानासाठी आधी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. त्यावर टक्केवारी असते. चाळीस टक्के किंवा वर असेल तर माणूस सरकारच्या लेखी अपंग, त्याच्या आत असेल तर नाही. आम्ही नेटकॅफेत जाऊन अर्ज भरला. अंगठा उमटवायच्या यंत्रावर आक्काचं बोट टिकेना. तिथला मुलगा सारखं म्हणत होता, मावशी, बोट स्थिर ठेवा. आक्का त्याला म्हणाली, "स्थिर ठेवता आलं असतं तर तुझ्याकडं कशाला आले असते?" दुकानातले सगळे हसले, तीही हसली. तो दिवस मला चांगला आठवतो, कारण या सगळ्या प्रकरणात आम्ही हसलो असा तो एकच दिवस आहे.

तपासणीची तारीख आली. एका मोठ्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या वारी डॉक्टरांचं मंडळ बसतं, त्याला सगळे बोर्ड म्हणतात. आम्हाला धास्ती होती ती रांगेची आणि जिन्याची. म्हणून मी हिशेब करून निघताना तिला गोळी दिली, म्हणजे रांगेत उभं राहायची वेळ येईल तेव्हा ती चढलेली असेल. आक्काने ठेवणीतली जांभळी साडी नेसली. आमचा नंबर लागला तेव्हा ती वर्षातल्या तिच्या सगळ्यात चांगल्या तासात होती.

आतले डॉक्टर दमलेले होते, पण माणूस वाईट नव्हता. चालून दाखवा म्हणाले, ती चालली. वळा म्हणाले, वळली. नाकाला बोट लावा, मूठ उघडा, मिटा. ती शाळेतल्या मुलीसारखी मन लावून एकेक करत होती. त्यांनी विचारलं, स्वतःच्या हाताने जेवता का, अंघोळ स्वतः करता का. आक्का म्हणाली, करते. मी मागून म्हटलं, नेहमी नाही जमत. डॉक्टर मान न उचलता म्हणाले, त्यांना बोलू द्या.

बाहेर आल्यावर आक्काचा चेहरा उजळलेला होता. "एकदाबी अडखळले नाय," ती म्हणाली. मीही तिला म्हटलं, छान केलंस. आम्ही दोघींनी दवाखान्यासमोर उसाचा रस घेतला. परीक्षेचा पेपर सोपा गेल्यासारखं आम्हाला वाटत होतं.

प्रमाणपत्र आलं तेव्हा आकडा चाळीसच्या आत होता. तरी मी तहसील कचेरीत अनुदानाचा अर्ज दिला, कारण मला वाटलं, आजाराचं नाव बघून कुणीतरी विचार करेल. काही आठवड्यांनी तो नामंजूर होऊन आला. कारण एका ओळीत होतं, टक्केवारी अपुरी.

तिथे निराधार शाखेत एक कारकून होते, निवृत्तीला आलेले. मी तीन-चारदा खेटे घातल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं आणि आक्काचं नेमकं काय होतं ते विचारलं. मी गोळीचं सांगितलं. बोर्डाला जाताना गोळी दिली होती, हे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. प्रमाणपत्राविरुद्ध अपील करता येतं, दुसरं मंडळ पुन्हा तपासतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले की, मी तुम्हाला काही शिकवत नाही ताई, पण जे अनेक जण येतात ते बोर्डाच्या दिवशी कसे येतात ते जरा बघा. माणसाची जी अवस्था घरात असते ती तिथे दिसायला हवी. नाहीतर तुमच्या बहिणीपेक्षा धडधाकट माणसं अपंगाचं कार्ड घेऊन जातात आणि त्या तशाच राहतात.

मी मेंदूच्या डॉक्टरांना विचारलं, एक दिवस गोळी नाही दिली तर? ते चिडले. गोळ्या अशा मनाने थांबवायच्या नसतात, जिवावर बेतू शकतं, हे मी तुम्हाला कधीही करा म्हणणार नाही, ते म्हणाले. मग कागद ओढून त्यांनी अपिलासाठी एक लांबलचक पत्र लिहून दिलं, गोळी उतरल्यावर पेशंट पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून असतो म्हणून. ते पत्र मी अर्जाला जोडलं. ते पुढे कुणी वाचलं की नाही, मला माहीत नाही.

आक्काला हे सगळं मी दुपारी सांगितलं, ती मेथी निवडत होती तेव्हा. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. ती बराच वेळ काड्या वेगळ्या करत राहिली.

"म्हणजे खोटं दाखवायचं?"

"खोटं कसं? गोळी नसताना तू जशी असतेस तीही तूच ना."

"ती मी नाय," आक्का म्हणाली. "ती दुसरीच कुणी बाई हे. तिला मी घराबाहेर कवा नेलं नाय."

मी विषय सोडला. अपिलाची तारीख फोनवर आली तेव्हाही मी काही बोलले नाही. आदल्या संध्याकाळी गोळी चढलेली असताना तिने स्वतः जांभळी साडी बाजूला काढून ठेवली, मग ती परत घडी करून कपाटात टाकली आणि घरातली एक जुनी, फुलाफुलांची काढली. "उद्या सकाळी नको देऊ मला," ती म्हणाली. "एक दिवसाचा तर प्रश्न हे."

त्या सकाळी तिला साडी नेसवायला मला कितीतरी वेळ लागला. हात सरळ होत नव्हते, ब्लाउजच्या बाह्या चढत नव्हत्या. आणि तो तिने स्वतः शिवलेला ब्लाउज होता. मी म्हटलं, गाऊन घाल, वर शाल घेऊ. तिने डोळ्यांनीच नाही म्हटलं. नवऱ्याने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली होती. त्याने तिला उचलून रिक्षात बसवलं. मेहुण्यासमोर ती कधी डोक्यावरचा पदर पडू द्यायची नाही. त्याने उचललं तेव्हा पदर सरकला आणि तिला तो सावरता आला नाही. तिने डोळे मिटून घेतले. आम्हाला दवाखान्यात सोडून तो कामावर गेला.

बोर्डाच्या खोलीबाहेर लांब बाकं होती. मी तिला भिंतीकडच्या कोपऱ्यात टेकवून बसवलं आणि कारकुनांनी सांगितल्याप्रमाणे आजूबाजूला बघितलं. एका म्हाताऱ्याने कानातलं यंत्र काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. त्याच्या सुनेला काही सांगायचं असलं की ती त्याच्या तळहातावर बोटाने लिहायची. एक तरुण बाई कुबड्या कडेला ठेवून फरशीवर बसली होती. तिच्याबरोबरच्या माणसाने तिला दोनदा सांगितलं, वर बस, तर ती म्हणाली, राहू द्या, असंच दिसू द्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आम्ही सगळे आपापला सगळ्यात वाईट तास घेऊन तिथे आलो होतो आणि तो आत बोलावेपर्यंत टिकवून धरत होतो.

शिपायाने सांगितलं, साहेब कोर्टात साक्षीला गेलेत, येतीलच. दुपार झाली. आक्काच्या ओठाच्या कडेने लाळ ओघळत होती, मी पुसत होते. तिच्या पापण्याही लवत नव्हत्या. गोळी माझ्या पर्समध्ये होती, पाण्याची बाटली हातात होती. मी तिच्या कानाशी म्हटलं, आक्का, पुरे आता, घे. तिने काहीतरी पुटपुटलं. मला ओठांपाशी कान न्यावा लागला.

"ते आले तर," ती म्हणाली, "सकाळपासूनचं फुकट जाईल."

मग मला बाकाखाली पाणी दिसलं. पहिल्यांदा मला वाटलं बाटली गळतेय. आक्काने समोरच्या भिंतीवरून नजर हलवली नाही. हलवता येत नव्हती की हलवायची नव्हती, कोण जाणे. मी माझी ओढणी काढून तिच्या मांड्यांवर टाकली आणि तिच्यासमोर आडवी उभी राहिले. झाडूवाली बाई आली, तिने काही न विचारता फडकं मारलं आणि निघून गेली. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. तिथे तेवढी एकच गोष्ट पटकन झाली.

थोड्या वेळाने शिपाई परत आला आणि सगळ्यांना म्हणाला, आज होणार नाही, नवीन तारीख मोबाइलवर येईल. लोक उठले. म्हाताऱ्याने यंत्र कानात घातलं. मी आक्काला गोळी दिली. गिळायलाच खूप वेळ गेला, निम्मं पाणी गळ्यावरून खाली आलं. आम्ही रिकाम्या व्हरांड्यात बसून राहिलो. गोळी चढली तशी आक्का स्वतःहून उठली, नळावर गेली, तोंड धुतलं, साडीच्या ओल्या निऱ्या झटकल्या आणि फाटकाकडे चालायला लागली. ती जरा भरभरच चालत होती.

फाटकावरच्या वॉचमनने सकाळी तिला चाकाच्या खुर्चीतून आत न्यायला मदत केली होती. तो बघत राहिला आणि मला म्हणाला, "अहो ताई, ह्या तर चालतात की."

त्याच्या आवाजात राग नव्हता. फसवणूक पकडल्यावर माणूस जसा जरा खूश होऊन बोलतो तसा तो बोलला. मी त्याला गोळीचं समजावून सांगायला तोंड उघडलं. आक्काने माझा दंड धरला आणि मला बाहेर ओढलं. घरी येऊन तिने ती साडी धुतली, वाळत घातली, आणि वाळल्यावर पोतेरं कर म्हणून माझ्याकडे दिली.

मला वाटलं संपलं. पण नवीन तारीख आली तेव्हा आक्काच म्हणाली की जायचं, आणि तसंच जायचं. "एकदा भोगलं ते वाया कसं जाऊ देऊ," असं तिचं म्हणणं होतं. नवरा नको म्हणत होता. मीही या वेळी नको म्हटलं. तिने आमचं ऐकलं नाही.

या वेळी डॉक्टर वेळेवर आल्या. बाई होत्या, माझ्याहून लहान. आक्काला आत नेल्यावर त्या खुर्चीतून उठून तिच्यासमोर वाकल्या, तिचा चेहरा निरखला, मनगट हलवून बघितलं. मेंदूच्या डॉक्टरांखेरीज कुणी तिला इतकं नीट तपासलेलं मी बघितलं नव्हतं. माझ्या मनात आलं, झालं काम. त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, "आज सकाळची गोळी घेतली का?"

मी हो म्हणणार होते. आक्काचे ओठ हलले. जेवढा आवाज तिच्यात होता तेवढा काढून ती म्हणाली, "नाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला समजावलं की या आजारात औषध चालू असताना तपासायचं असतं, औषधाशिवाय तपासून आकडा लिहिला तर तो वर टिकत नाही आणि असं करणं पेशंटसाठी धोक्याचंही आहे. गोळी आणलीय का, त्यांनी विचारलं. आणलीय म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि म्हणाल्या, बाहेर बसा, मी तुम्हाला सगळ्यात शेवटी बोलावते, घाई नाही. कोणत्याही सरकारी खोलीत आम्हाला इतक्या माणुसकीने कुणी वागवलं नव्हतं. आणि त्यानेच आमचं अपील गेलं. त्यांनी आम्हाला शेवटी बोलावलं तेव्हा आक्काची गोळी पुरती चढलेली होती. ती चालली, वळली, नाकाला बोट लावलं, मूठ उघडली, मिटली.

डॉक्टरांनी पेन परत उचललं.

"सकाळी बघितलं तेही खरं आहे, आता बघतेय तेही खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण मला एकच आकडा लिहायचा असतो."

आक्का आता बोलू शकत होती. ती खुर्चीत पुढे सरकली. "बाई, दिवसातनं मी अशी थोडा वेळ असते. बाकीच्या वेळेचं कुठं लिहिता?"

"त्याला रकाना नाही, मावशी."

आक्काने मान डोलावली. जणू गिऱ्हाइकाने कापड कमी आणलंय आणि त्यात बाही बसत नाही, असं तिला कुणी सांगितलं होतं. तिने त्या डॉक्टरांना हात जोडले आणि उठली.

आकडा पहिल्यापेक्षा थोडा वाढून आला. तरी चाळीसच्या आतच. खाली लिहिलं होतं, प्रमाणपत्र तात्पुरतं, आजार वाढल्यास मुदतीनंतर पुन्हा अर्ज करता येईल. अपिलावरचा निर्णय अंतिम. मी ते घेऊन तहसील कचेरीत गेले तर ते कारकून निवृत्त झाले होते. त्यांच्या खुर्चीवरच्या माणसाने फाइल बघितली, बंद केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

नवऱ्याने नंतर एकदा विचारलं, त्या दिवशी हो म्हटलं असतं तर? मीही ते मनात विचारलेलं होतं. आक्काने ऐकलं. ती म्हणाली, "मी आयुष्यात कापड चोरलं नाय." पण त्यानंतर तिच्यातलं काहीतरी गेलं. गोळी चढलेली असली तरी ती भाजी निवडायला बसेना. मुलीने पाढे म्हणून दाखवले तर ऐकायची, चुकलं तरी टोकायची नाही. कुणी घरी आलं आणि तिची गोळी उतरलेली असली तर पूर्वी ती मला दार लोटून घ्यायला लावायची. आता तसंही करेना. येणारे तिला बघायचे, चहा घ्यायचे, जायचे.

आजार वाढला, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा. गोळ्या वाढल्या, त्यांचा तास आखडत गेला. गोळी चढली की आता अंग आपोआप वेडंवाकडं हलायला लागायचं, उतरली की लाकूड. मधली जी आक्का होती ती दिवसातून जेमतेम चहा पिऊन होईपर्यंत भेटायची. मग एक दिवस मी बालवाडीत असताना ती मोरीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती परत चालली नाही.

आता तिला बघून कुठल्याही डॉक्टरने चाळीसच्या पुढचा आकडा लिहिला असता, गोळी चढलेली असो वा उतरलेली. मुदतही संपली होती. मी नवा अर्ज केला आणि चौकशीला गेले. त्यांना घेऊन या, असं सांगण्यात आलं. मी म्हटलं, त्या अंथरुणाला खिळल्यात, कुणी घरी येऊन तपासेल का? तशी सोय आहे, लेखी द्या, असं उत्तर मिळालं. मी लेखी दिलं. पुन्हा गेले तेव्हा कळलं की घरभेटीला डॉक्टर नाहीत, पण पंचवटीत शिबिर लागणार आहे, तिथे आणा. शिबिराच्या दिवशी आक्काला ताप होता. पुढचं शिबिर लागलं त्याची बातमी मला ते होऊन गेल्यावर मिळाली. त्यानंतर गेले तेव्हा लेखी दिलेलं सापडत नव्हतं. मी परत दिलं.

मी आक्काला विचारलं होतं, अजून खटपट करू का. तिला बोलायला खूप वेळ लागतो. मी वाट बघितली.

"तुला जायचं तर जा," ती म्हणाली. "मला नको नेऊ."

ती गोष्ट होऊनही आता वर्ष उलटून गेलं. मागच्या गल्लीतली बाई भेटली की विचारते, बहिणीचं झालं का. मी म्हणते, चालू आहे. रजेच्या दिवशी कधी कधी मी कचेरीच्या रस्त्याने जाते, पण आत जात नाही. सकाळी मी आक्काला पेज भरवते. पहिला घास गिळायला तिला फार वेळ लागतो, मी चमचा धरून बसते, आणि बालवाडीला मला रोज उशीर होतो.